तांब्याचा हीटर आणि अक्कांचा जोड

बेंगळुरूच्या गाड्यांना तेव्हा हीटर नसे. इथल्या हवेत तो कशाला हवा, असं गाडी विकणारेच म्हणत, आणि ते खरंही होतं. डिसेंबरात सकाळी काच खाली करून हात बाहेर काढला तर थोडं गार लागे, एवढंच. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या प्रयोगशाळेतला एक कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचं ठरलं आणि त्यासाठी गाडीचा हीटर हवा झाला, तेव्हा तो मिळवणं सोपं गेलं नाही. तो शोधला, पारखला आणि बसवला तो आमच्या वर्कशॉपमधल्या एका बाईंनी. त्यांना सगळे अक्का म्हणत. मीही म्हणे, जरी मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा आणि हुद्द्याने बराच वर होतो.

त्या हीटरबद्दल ऑफिसच्या कागदात एक खोटं वाक्य गेलं. ते मी जाऊ दिलं. अक्कांना ते भोवलं, मला नाही. आता माझं वय ऐंशीच्या घरात आहे, आणि जे जसं झालं ते तसं लिहून ठेवायचं ठरवलं आहे.

मी सरकारी संशोधन संस्थेत होतो. फिरणाऱ्या पात्यांना कंप कसा येतो याचं गणित करणं हे आमच्या विभागाचं काम. मोठी गणनयंत्रं बाहेरून मागवायची तर कागद वर्ष वर्ष फिरत आणि शेवटी बहुतेक वेळा नकारच येई. म्हणून बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉम्प्युटरवर आम्ही काम रेटत होतो. एक गणित लावलं की आठवडा जाई.

विभागात पुण्याहून आलेला एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर होता. त्याला सगळे 'पुणेकर' म्हणत आणि त्यालाही ते आवडे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवायची युक्ती त्याने केली. मशीन पळे, पण तापे, आणि तापलं की मध्येच बंद पडे. चार दिवसांचं काम फुकट. एका सकाळी तो इंटरनेटवरून छापलेली पानं घेऊन आला.

"सर, फॉरेनला लोक गाडीचा हीटर लावतात. सीरियसली."

"कॉम्प्युटर गार करायला हीटर?"

"नावावर जाऊ नका ना सर. आतून तो छोटा रेडिएटरच असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावर हवा मारतो, ती गरम हवा गाडीत येते. आपल्याला त्या हवेशी काही घेणं नाही. पाणी गार झालं की बस्स."

पानावर आकृती होती. प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा, त्यातून पाणी जाणार, तिथली उष्णता घेऊन हीटरमध्ये येणार, गार होऊन परत ठोकळ्यात. मध्ये एक छोटा पंप. ठोकळा आमच्याच लेथवर झाला असता. पंप मासे विकणाऱ्या दुकानात मिळत होता. राहिला हीटर. मी पुणेकराला म्हटलं, चल, अक्कांना विचारू.

अक्कांचं घराणं मराठी, पण महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. त्यांचे वडील चिकपेटेत भांड्यांना कल्हई करत आणि गळक्या भांड्यांना डाख देत, म्हणजे सोल्डर करून देत. लहानपणी अक्का त्यांच्या शेजारी बसून नवसागर कुटून द्यायच्या. आमच्याकडे त्या वायरिंगच्या कामावर लागल्या आणि हळूहळू संस्थेतलं सगळं बारीक जोडकाम त्यांच्याकडे आलं. ज्या नळ्यांतून हवा काढून घ्यायची असे, जिथे सुईएवढं भोकही चालत नसे, तिथला जोड दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी वर्कशॉपच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती. मुलाखत डिसेंबरात होती आणि यादीत अक्कांचं नाव पहिलं होतं. आजवर त्या खुर्चीत कुणी बाई बसली नव्हती. अक्कांना ती जागा हवी होती आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

"मी इन-चार्ज झाले की पहिलं ते गंजकं व्हाइस बाहेर टाकते सर," त्या म्हणायच्या. "मग तुमच्या लेथवाल्याला पण बघते."

हीटरचं ऐकून त्या हसल्या नाहीत. आकृती बराच वेळ बघितली आणि पुणेकराला म्हणाल्या, "शनिवारी गुजरीत जाऊ. तुम्ही चांगले बूट घालून येऊ नका."

गुजरी म्हणजे शिवाजीनगरच्या त्या गल्ल्या, जिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकतात. जमीन तेलाने काळी, दोन्ही बाजूंना दरवाजे, दिवे, स्टिअरिंगांचे ढीग. मी आणि पुणेकर पहिल्या दुकानापासून हीटर विचारत निघालो. प्रत्येक दुकानदार मान हलवत होता. अक्का विचारतच नव्हत्या. त्या भिंतींकडे बघत चालल्या होत्या.

"अक्का, काय शोधताय?"

"नंबरप्लेट. इथल्या गाडीला हीटर कुठून येणार? दिल्लीची, पंजाबची गाडी बघायला पाहिजे. बदली होऊन येतात ते ऑफिसर लोक गाडी घेऊन येतात. मिलिटरीवाले येतात. ती गाडी इथं मरते ना, मग तिचा हीटर इथंच राहतो."

आम्ही दोघे इंजिनिअरही मग भिंती बघत चालू लागलो. पाचव्या-सहाव्या दुकानाच्या भिंतीवर उत्तरेकडच्या तीन प्लेटा लटकत होत्या. अक्का तिथे शिरल्या. दुकानदार दखनी बोलणारा, पोटावर बनियन वर सरकलेला माणूस. त्याने मागून शोधून तीन हीटर आणले आणि जमिनीवर आपटले.

"ले लो अक्का. बीस साल में पहला गिराक है हीटर का."

एक मोठा, ॲम्बॅसिडरचा. दुसरा कुठल्याशा परदेशी गाडीचा, चांदीसारखा स्वच्छ, बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. तिसरा मध्यम, काळपट, मिलिटरीच्या एखाद्या गाडीतून निघालेला.

पुणेकराने मोठा उचलला. "हा बेस्ट. जेवढा मोठा तेवढं कूलिंग."

अक्कांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि सूर्याकडे धरून जाळीतून बघितलं. मग आम्हाला दाखवलं. पातळ पत्र्यांच्या ओळी विरळ होत्या, निम्म्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. टाकीच्या कडेला सोल्डरचा मोठा गोळा होता. त्यावर त्यांनी नखाने टकटक केलं.

"हे कुणी केलं असेल सर? डाख आत ओढला गेला पाहिजे. वर असा साचला की समजायचं आत पोकळ आहे. आपण जवळ गरम केलं की हे उघडणार."

मग चांदीसारखा उचलला. तो हातात नुसता झेलला आणि परत ठेवला. "हे बेडा. नको."

"का? सगळ्यात नवीन तर तोच आहे," मी म्हटलं.

"जर्मन आहे सर." घरी ॲल्युमिनियमला आमच्याकडेही जर्मनच म्हणत, त्यामुळे मला कळलं. "तुमचा ठोकळा तांब्याचा. एकाच पाण्यात तांबं आणि जर्मन ठेवायचं नाही. आमच्या वडिलांकडे बायका भांडी आणायच्या, जर्मनच्या पातेल्यात तांब्याचा गडू दिवस दिवस भिजवलेला असायचा. पातेल्याला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. तांब्याला काही होत नाही. मरतं ते जर्मनच."

मी धातुशास्त्राचं पुस्तक वाचलेला माणूस. दोन वेगळे धातू पाण्यात आले की त्यातला कमजोर धातू झिजतो, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण त्या गल्लीत ते मला आठवलं नव्हतं. त्यांना आठवायची गरज नव्हती, कारण त्यांनी ते पातेलं डोळ्यांनी बघितलं होतं.

तिसऱ्याला त्यांनी जास्त वेळ दिला. पिशवीतून ब्लेड काढून पत्र्याच्या कोपऱ्यावर एक रेघ मारली, आतून लाल तांबं चमकलं. टाकीवर रेघ मारली, पिवळं पितळ. मग दुकानदाराकडून बाटलीभर पाणी मागून एका नळीतून ओतलं आणि दुसरीतून आपल्या तळहातावर घेतलं. आधी तपकिरी आलं, मग निवळत गेलं. तळहात उन्हात धरून त्यांनी त्यातले कण बोटाने चोळून बघितले.

दुकानदाराला राहवेना. "क्या अक्का, हीटर लेने आये कि दामाद देखने आये?"

"दामाद होता तो इतना टैम नइं लगता भाई," अक्का म्हणाल्या. "वो तो वापस कर सकते."

तो इतका हसला की शेजारचे दुकानदार बघायला आले. हीटर कागदात गुंडाळून दिला. बिल मागितल्यावर मात्र त्याने हात जोडले. गुजरीत बिल नसतं. ही गोष्ट तेव्हा मला क्षुल्लक वाटली.

बसवायचं काम अक्कांनी चार दिवस केलं. पहिला दिवस नुसता साफ करण्यात. आतून तो इतक्या वेळा धुतला की शेवटचं पाणी पेल्यात घेऊन त्यांनी खिडकीत धरलं तर त्यापलीकडचं झाड स्वच्छ दिसत होतं. वाकलेले पत्रे त्यांनी केसातली पिन काढून एकेक सरळ केले. शेकडो होते. मध्ये कुणी बोलायला आलं की हात न थांबवता बोलत.

दुसऱ्या दिवशी जोड. हीटरच्या मूळ नळ्या गाडीत बसायच्या म्हणून वेड्यावाकड्या वळलेल्या होत्या. त्या कापून तिथे पितळेच्या सरळ तोट्या बसवायच्या होत्या. अडचण अशी की टाकीचे जुने जोड तिथून दोन बोटांवर. तोटीला उष्णता दिली की जुना जोडही वितळायचा. अक्कांनी जुन्या जोडांभोवती ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. तोटी आणि नळी दोन्ही घासून चकचकीत केल्या, आधी दोहोंना वेगवेगळं कथील चढवलं आणि मग एकमेकांत बसवून जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न टेकवलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग सोल्डरची चमकदार रेघ स्वतःच फटीत शिरून गोल फिरली आणि पलीकडून त्यांच्याकडे आली. त्यांनी आयर्न लगेच उचललं. फडकं अजून ओलंच होतं.

मी आयुष्यात पुष्कळ यंत्रं बघितली, पुष्कळ मोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली. पण काम येणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर ती फिरत आलेली रेघ डोळ्यांपुढे येते.

मग एका तोटीत रबरी बूच, दुसरीला सायकलचा पंप, आणि हीटर बादलीत बुडवला. पुणेकर लगेच म्हणाला, "नो बबल्स! झालं."

"थांबा हो. बुडबुडा स्वल्प लाजरा असतो," अक्का म्हणाल्या. "माणसं उठून गेली की येतो."

त्यांनी आम्हाला तिथे वीस मिनिटं उभं केलं. बुडबुडा आला नाही.

पंख्याचंही त्यांनीच शोधून काढलं. आम्ही पंखा हीटरला चिकटवून लावला होता. अक्कांनी उदबत्ती पेटवून धूर जाळीसमोर धरला. कडेचा धूर सरळ आत ओढला जात होता, मधला मात्र तिथेच घोटाळत होता. पंख्याच्या मधल्या गोल भागामागे हवाच जात नव्हती. अक्कांनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून एक चौकोनी नळकांडं केलं आणि पंखा चार बोटं मागे नेला. पुन्हा उदबत्ती. आता सगळीकडून धूर सारखा जात होता.

"आता श्वास घेतो बघा," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर जोडण्याआधी दोन दिवस नुसतं पाणी फिरवलं. सगळ्या जोडांखाली कन्नड वर्तमानपत्र अंथरलं होतं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी ते उचलून उजेडात धरलं, एकही डाग नव्हता. मग लॉगबुकात त्यांनी नोंद केली: हीटर बसवला, जोड तपासले, यात तांबं-पितळ सोडून दुसरा धातू घालू नये. खाली सही.

तो मार्च होता. बाहेर ऊन तापत होतं आणि आमचं मशीन आठवड्याचं काम पाच दिवसांत संपवत होतं. पाण्याच्या नळीला हात लावला तर जेमतेम कोमट लागे. इतर विभागांतले लोक बघायला येत. पुणेकर सगळ्यांना इंग्रजीतून समजावून सांगे आणि शेवटी अक्कांकडे बोट दाखवून म्हणे, "चीफ डिझायनर." अक्का म्हणत, "आधी पगार चीफचा द्या."

जूनमध्ये पाहणी समिती यायची होती. सरकारी संस्थेत समिती म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असे. खुर्ची, टेबल, पाण्याचा माठ, कुणालाही सूट नाही. नंबर यायचा तो खरेदीच्या कागदांवरून. समितीतला एक माणूस यादी घेऊन फिरे, आणि ज्या वस्तूवर नंबर नाही ती इथे आली कशी असं विचारत असे. अक्कांच्या हीटरला बिल नव्हतं, म्हणून नंबर नव्हता. सरकारी मशीनवर गुजरीतला बेवारशी माल, आणि मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची परवानगीही मी कुणाकडून घेतलेली नव्हती. मला झोप येईना.

मी रीतसर तीन दुकानांकडून भाव मागवले, तक्ता केला आणि एक नवा हीटर विकत घेतला. नव्या गाड्यांचे हीटर तोवर सगळे ॲल्युमिनियमचे झाले होते. हे मला माहीत होतं. थर्माकोलच्या खोक्यात, बिलासकट आला. त्याच आठवड्यात अक्का सासूबाईंच्या दिवसांसाठी रजेवर होत्या. मी स्वतः जुना हीटर काढला, नवा लावला, नळ्या होज क्लिपने आवळल्या, वर पांढऱ्या रंगाने नंबर घालून घेतला. जुना भंगारखोलीत टाकला. लॉगबुकात काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जुना कुठून आला होता तेही लिहावं लागलं असतं.

समिती आली, नंबर बघून गेली. चार दिवसांनी अक्का कामावर आल्या. मशीनसमोर उभ्या राहिल्या.

"सर, हे काढा."

"काढू अक्का. आत्ताच तर बसवलाय. जरा दिवस जाऊ देत."

"दिवस जाऊ दिले तर तोच जाईल. ठोकळा तांब्याचा आहे."

"सरी, सरी. बरं, बघतो."

त्यांनी मला जुलैत पुन्हा सांगितलं, ऑगस्टात पुन्हा. त्याच महिन्यात पुणेकर अमेरिकेला गेला, म्हणजे हे सगळं माहीत असलेला तिसरा माणूस उरला नाही. मी दर वेळी म्हणे, चाललंय ना अक्का. आणि ते चालतही होतं.

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी खोली उघडली तर टेबलावरून जमिनीवर पाणी ठिबकत होतं. नव्या हीटरच्या जाळीच्या मधोमध बारीक भोकं पडली होती आणि फवारा सरळ मशीनवर उडाला होता. आतली सर्किटची सगळी पाटी जळाली. डिस्कमधलं दोन महिन्यांचं गणित गेलं, जे महिनाअखेर वर द्यायचं होतं.

आमच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बसलो, अक्का उभ्या होत्या. साहेबांनी मशीन बघितलं नव्हतं, लॉगबुक मागवलं होतं.

"हीटर बसवल्याची ही सही तुमची?"

"माझी सर," अक्का म्हणाल्या.

"जोड तुमचे?"

"माझेच."

मग अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. पुढचं वाक्य माझं होतं आणि त्या माझी वाट बघत होत्या, इतकंच. मी साहेबांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. त्या हिवाळ्यात माझंही प्रमोशन यादीत होतं. हे कारण फार लहान आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि लिहिलं: सदोष जोडामुळे गळती.

त्या नव्या हीटरवर अक्कांचा एकही जोड नव्हता.

मुलाखत दोन आठवड्यांनी झाली. साहेब त्या मंडळात होते. जागा अक्कांहून आठ वर्षांनी कनिष्ठ असलेल्या एका माणसाला मिळाली. कामात वाईट नव्हता, पण त्याला चेष्टेची खोड होती. चहाच्या वेळी कुणाचा पेला हिंदकळला की तो म्हणे, "अक्का, जरा जोड बघा हो." सगळे हसत. वर्षानुवर्षं. अक्का पेला पुसायचं फडकं त्याच्याकडे फेकत आणि आपला चहा संपवत. पुढे ती जागाच रद्द झाली. अक्का ज्या पदावर होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. माझं प्रमोशन झालं.

चौकशीनंतर आठवड्याभरात नवी पाटी आली तेव्हा अक्का त्यांच्या लॉकरमधून काहीतरी कापडात गुंडाळलेलं घेऊन आल्या. तो तांब्याचा हीटर होता. रजेवरून आल्याच्या दिवशीच त्यांनी तो भंगारखोलीतून उचलून ठेवला होता. मला म्हणाल्या, "सर, बॅटरी धरा." मी उजेड धरला. त्यांनी बसवला, पंप लावला, खाली वर्तमानपत्र अंथरलं. नंबर नसलेला तो हीटर मशीन मोडीत निघेपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं चालला, आणि त्याच्याखालचा कागद कोरडा राहिला. त्यानंतरच्या कुठल्याही समितीने त्याबद्दल विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी ऑफिसला अर्ज केला की त्या नोंदीत दुरुस्ती करावी. उत्तर आलं की इतक्या जुन्या फायली नियमाप्रमाणे नष्ट केल्या आहेत. म्हणजे खोडायला ते वाक्यही उरलं नव्हतं. मग मी मल्लेश्वरममध्ये अक्कांच्या घरी गेलो. त्या धाकट्या मुलाकडे राहतात. केस पूर्ण पांढरे, पण सुनेने कॉफी आणली तेव्हा पेला घेताना हात जराही हलला नाही.

मी सगळं बोललो. त्या ऐकत होत्या.

"पोस्ट गेली, ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझा जोड गळला असं म्हणायचे ना सर. सव्वीस वर्षं नोकरी केली मी तिथं. घरी मुलांना काय सांगू? त्यांनी पण ऐकलंय."

मी म्हटलं, मी ही सगळी हकीकत मराठीत लिहितो आहे.

"मराठी माझ्या मुलांना बोलता येतं, वाचता कुठं येतं? इंग्लिशमध्ये लिहा. आत्ता लिहा. खाली सही करा, हुद्दा लिहा."

नातीच्या वहीतला कागद आणला गेला. मी लिहिलं: हीटर मी बदलला, अक्कांच्या गैरहजेरीत, त्यांनी वारंवार सांगूनही, गळती नव्या हीटरच्या जाळीतून झाली, कुठल्याही जोडातून नाही, चौकशीत मी गप्प राहिलो. सही केली. अक्कांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"पाणी कुठलं होतं सर?"

मी पेनचं टोपण शोधू लागलो.

"मी डिस्टिल्ड घालायचे. तुमचा तो नवा हीटर मी नंतर कापून बघितला. आत पांढरं साचलं होतं."

नळाचं होतं. डिस्टिल्डचा कॅन संपला होता आणि समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. नळाला येणारं बोअरचं क्षारांचं पाणी, ज्यात ॲल्युमिनियम आणखी लवकर झिजतं, मी स्वतः बादलीने भरलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या दिवशी अक्कांनाही नाही, आणि या हकीकतीत वर हीटर बदलल्याचं लिहितानाही गाळलं होतं. तिथे आता घालत नाही. कसं सुटलं ते दिसू दे.

"ते पण लिहा," अक्का म्हणाल्या.

मी सहीच्या वर जागा करून ते वाक्य लिहिलं आणि बाजूला पुन्हा सही केली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, घडी घातली, मग घडी उघडून कागद माझ्याकडेच दिला.

"खाली कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे. चार काढा. दोघा मुलांना एकेक, एक मला, आणि एक त्याला देणार, चहाच्या वेळी जोक मारायचा ना, त्याला. राजाजीनगरला राहतो. उद्या मुलाला सांगते, मला घेऊन जा म्हणून."

"मी येऊ बरोबर?"

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

"नको सर. तुमची सही आहे ना, तेवढी पुरे."

मी कागद घेऊन जिना उतरलो.